हाताने बनवलेल्या शाई पेनचं टोपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेन बनवून घ्यायला येणारे बहुतेक जण रंग आणि निब ठरवूनच येतात. टोपणाचं विचारलं की म्हणतात, "नेहमीचंच लावा." पण नेहमीचं असं टोपण नसतं. दिवसभरात सगळ्यांत जास्त वेळा हात लागतो तो टोपणालाच, आणि पेन महिनाभर वापरल्यावर तक्रार येते तीही बहुधा टोपणाचीच: खिशात सुटतं, आत शाई साचते, निब वाळते, काठ तडकतो. यातल्या निम्म्या तक्रारी ऑर्डर देतानाच टाळता येतात. म्हणून वरचेवर विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. खाली 'गळा' म्हणजे निबच्या मागचा, बोटांत धरायचा भाग. 'दांडा' म्हणजे शाईची नळी. 'शेंडा' म्हणजे टोपणाचं वरचं टोक. 'जीभ' म्हणजे निबखालचा, शाई निबपर्यंत नेणारा भाग.

टोपण किती प्रकारे बसवता येतं?

चार प्रकारे. आटे पाडून फिरवायचं; नुसतं घट्ट सरकवायचं; 'टक्' आवाज करत खटक्यावर बसणारं; आणि चुंबकाचं. हाताने बनवलेल्या पेनात आट्याचंच टोपण जास्त दिसतं आणि त्याला कारण आहे. लेथवर एक टॅप आणि एक डाय (आतले आणि बाहेरचे आटे पाडायची हत्यारं) एवढ्यावर ते नीट बनतं, एबोनाइटवर (गंधक घालून कडक केलेल्या रबरावर) एबोनाइट छान धरतं, आणि झिजलं तरी पुन्हा आटे पाडता येतात. खटक्याच्या टोपणाला आतून धातूची पातळ स्प्रिंग लागते. ती न घालता नुसता उंचवटा ठेवला तर सहा-आठ महिन्यांत तो झिजून टोपण ढिलं पडतं. ॲक्रिलिकमध्ये तर उंचवट्याच्या जागीच तडा जातो. नुसतं सरकवायचं टोपण दिसायला सुंदर, पण उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात ते सारखं बसत नाही. आम्ही ते सुचवत नाही.

मग माझ्यासाठी कोणतं?

दोन गोष्टी सांगा: दिवसातून पेन किती वेळा उघडता, आणि उघडत नाही तेव्हा तो असतो कुठे. रंगरूप नंतर.

मुख्याध्यापक, सरपंच, बँकेतले अधिकारी यांचं काम म्हणजे सही, कागद पुढे, परत सही. अशांना पाच फेऱ्यांचं टोपण दिलं तर ते दोन दिवसांत टोपण टेबलावर काढून ठेवू लागतात आणि निब वाळली म्हणून पेन परत आणतात. त्यांना खटक्याचं किंवा ट्रिपल स्टार्ट आट्याचं टोपण बरं. अभ्यासिकेत बसून एका बैठकीत तीन-तीन तास लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला उघडझाक एकदाच करायची असते. त्याला सिंगल स्टार्ट आटे उत्तम, कारण ते हलत नाहीत. वकील मंडळींचा पेन कोटाच्या आतल्या खिशात असतो, त्यांना लांब क्लिप हवी. रोज मोटारसायकलवर पन्नास किलोमीटर जाणाऱ्याने चुंबक घेऊच नये.

सिंगल स्टार्ट, ट्रिपल स्टार्ट म्हणजे काय? फरक खरंच जाणवतो का?

जाणवतो, आणि या एका गोष्टीवर पेनचा रोजचा अनुभव ठरतो.

टोपणाला साधारण १३ मिमी व्यासाचे आणि ०.८ मिमी अंतराचे आटे असतात. म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमध्ये ०.८ मिमी अंतर. सिंगल स्टार्टमध्ये दोऱ्यासारखी एकच खाच गोल फिरत वर गेलेली असते. टोपण एक फेरी फिरलं की ०.८ मिमी पुढे सरकतं. आटे ४ मिमी लांबीत एकमेकांत गुंतत असतील तर टोपण निघायला पाच फेऱ्या लागतात. ट्रिपल स्टार्टमध्ये तीन खाचा शेजारी शेजारी सुरू होतात. अंतर तेच ०.८, पण एका फेरीत टोपण २.४ मिमी सरकतं. तेवढेच ४ मिमी आटे पावणेदोन फेऱ्यांच्या आत उघडतात. टेबलावर पेन धरून अंगठा आणि तर्जनीने दोनदा वळवलं की टोपण हातात.

ओळखायचं कसं? दांडा डोळ्यांसमोर उभा धरा आणि आट्यांच्या काठावर नख फिरवा. खाच जिथून सुरू होते तिथे नख अडतं. पूर्ण फेरीत एकदाच अडलं तर सिंगल, तीनदा अडलं तर ट्रिपल.

यात एक गोम आहे. खाच जितकी तिरकी, तितकं टोपण धक्क्यांनी लवकर सुटतं. शर्टाच्या खिशात क्लिप कापडाला घट्ट धरून असते आणि खाली दांडा मोकळा असतो. एसटीच्या हादऱ्यांत दांडा हळूहळू फिरतो. शेवटी टोपण खिशात राहतं आणि शाईने भरलेला दांडा शर्टाला रंगवत खाली येतो. म्हणून ट्रिपल स्टार्ट टोपणात आटे जिथे संपतात तिथे रुंद, सपाट बैठक ठेवावी लागते. टोपण शेवटी त्या बैठकीवर आवळलं जातं आणि त्या घर्षणावरच टिकतं. पेन ताब्यात घेताना टोपण हलकेच आवळा, क्लिप दोन बोटांत धरून पेन उभा झटका. चार-पाच झटक्यांत फिरला तर बैठक परत घासून घ्यायला सांगा.

टोपण लावल्यावर नक्षी जुळत नाही. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. ट्रिपल स्टार्ट टोपण तीन वेगवेगळ्या जागी सुरू होऊ शकतं, त्यातल्या एकाच जागी रेघा दांड्याच्या रेघांना मिळतात. लाटांसारख्या रेघांच्या एबोनाइटमध्ये हे लगेच डोळ्यांत भरतं. उपाय असा: जुळणाऱ्या जागी टोपणाच्या काठावर आतून सुईच्या टोकाएवढी खूण करून घ्या. रेघा दर वेळी जुळल्याच पाहिजेत असं असेल तर सिंगल स्टार्ट घ्या आणि पाच फेऱ्या मान्य करा.

चुंबकाचं टोपण हवंय. काही अडचण?

आवाज गोड येतो, एका हाताने उघडतं, पाहणाऱ्यालाही आवडतं. अडचणी मात्र आपल्याकडच्या मातीतच आहेत. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची. त्या खडकात चुंबकाला ओढला जाणारा मॅग्नेटाइट असतो आणि त्याचे बारीक कण धुळीत येतात. पेन शेतावर किंवा गाडीच्या डिक्कीत राहिला की चुंबकाच्या कड्यावर काळी लव उभी राहिल्यासारखी धूळ बसते. टोपण मग पूर्ण बसत नाही, बारीक फट राहते आणि निब वाळते. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्यांच्या पेनवर लोखंडाचा कीस बसतो, तो गळ्याला ओरखडे पाडतो. कापडाने पुसून तो निघत नाही. चिकटपट्टी दाबून उचला, त्याने लगेच निघतो.

साधं निओडिमियम चुंबक ८० अंशांपर्यंत टिकतं, पण ते ज्या गोंदाने बसवलेलं असतं तो त्याच्या बराच आधी मऊ पडतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर पेन ठेवू नका.

आणि हे महत्त्वाचं: घरात कोणाला पेसमेकर असेल तर चुंबकाचा पेन त्यांच्या छातीवरच्या खिशात जाता कामा नये. चुंबक आणि यंत्र यांत किमान १५ सेंटिमीटर अंतर हवं. वडिलांसाठी भेट म्हणून पेन करून घेत असाल तर हे आधी विचारा.

टोपणात शाई का साचते? पेन गळका आहे का?

टोपणात शाई दिसली म्हणजे पेन गळकाच, असं नाही. तीन कारणं सारखी आढळतात.

पहिलं, ऊन. ड्रॉपरने भरायच्या पेनात शाईच्या वर हवा असते. समजा निम्मी शाई संपली आणि आत २ मिली हवा आहे. एसीतल्या २५ अंशांतून तुम्ही ४२ अंशांच्या उन्हात आलात तर ती हवा सहा टक्क्यांच्या आसपास फुगते. २ मिलीचे सहा टक्के म्हणजे ०.१२ मिली, साधारण दोन-अडीच थेंब. पेन आडवा किंवा निब खाली असेल तर ते थेंब जिभेतून टोपणात उतरतात. निब वर करून उभा असेल तर निबकडे शाई नसून हवाच असते. ती मुकाट्याने निघून जाते. म्हणून उन्हाळ्यात दोन नियम: पेन नेहमी उभा, निब वर, आणि शाई एक तृतीयांश उरली की भरून टाकायची. आत हवा जितकी कमी, तितका हा त्रास कमी.

दुसरं, हादरे. खड्ड्यांच्या रस्त्यावर बॅगेत आडवा पडलेला पेन जिभेतली शाई शिंपडतो. याला उपाय पेन उभा ठेवणं हाच.

तिसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही: टोपण झटकन ओढणं. खटक्याचं किंवा घट्ट सरकतं टोपण जोरात ओढलं की आत क्षणभर पोकळी होते आणि ती निबमधून शाई ओढून घेते. टोपण किंचित वळवत, सावकाश काढा. आट्याच्या टोपणात हे फार कमी होतं.

या तिन्हींतलं काही नसताना गळ्यावर शाईचा गोल दिसत असेल तर गळा आणि दांडा यांच्या आट्यांतून ती येतेय. तिथे सिलिकॉन ग्रीस मोहरीएवढं लावा. टोपणाच्या आट्यांना मात्र ग्रीस लावू नका. त्यावर धूळ बसते आणि तीच धूळ आटे घासून खाते.

चार दिवस पेन बंद होता, आता पहिला शब्द उमटत नाही.

टोपण हवाबंद नाही. चांगल्या टोपणात आत आणखी एक लहान कप्पा असतो. त्याचं तोंड गळ्याच्या काठावर टेकतं आणि निब बंद कोठडीत राहते. बनवताना होणारी चूक ठरलेली आहे: आतल्या कप्प्याआधी टोपणाचा बाहेरचा काठ दांड्यावर टेकतो. बाहेरून टोपण पूर्ण बसलेलं दिसतं, आत मात्र फट राहते. म्हणून आतली बैठक आधी टेकली पाहिजे आणि बाहेरच्या काठाला ०.१ ते ०.२ मिमी जागा उरली पाहिजे. तुमच्या टोपणाच्या काठाशी केसाएवढी रेघ दिसत असेल तर तो दोष समजू नका, ती मुद्दाम ठेवलेली असते. निबच्या टोकापुढेही २-३ मिमी मोकळी जागा हवी. नाहीतर मोठी निब बदलून बसवल्यावर टोक शेंड्याला आपटून वाकतं.

घरी तपासायचं असेल तर टोपण धुऊन कोरडं करा, तोंड ओठांवर ठेवून हवा आत ओढा. टोपण ओठाला चिकटून राहिलं तर शेंड्याकडून ते बंद आहे. मग पेन भरा, एक ओळ लिहा, टोपण लावून सात दिवस आडवा ठेवा. आठव्या दिवशी पहिल्या-दुसऱ्या रेघेत शाई उतरली पाहिजे.

टोपणाला भोक का असतं? ते बुजवू का?

बुजवू नका. ते बहुधा आतल्या कप्प्याच्या बाहेर असतं, निब वाळण्याशी त्याचा संबंध नाही. मुलांच्या पेनात तर ते लागतंच. टोपण गिळलं गेलं तर श्वासाला वाट राहावी म्हणून १४ वर्षांखालच्या मुलांच्या पेनांसाठी आयएसओ ११५४० हे मानक आहे.

क्लिप हवी की नको?

खिशाला पेन लावणाऱ्याला हवीच. क्लिपचा कमानीसारखा भाग आणि टोपण यांच्यातली फट कापडाप्रमाणे ठेवावी लागते. टेरिकॉटच्या शर्टाला अर्धा मिमी पुरते. जाड खादीच्या खिशाची शिवण दुमडलेली असते, तिथे १ मिमी तरी हवी. कमी फटीची क्लिप खादीवर रोज ओढली की दोन-तीन महिन्यांत कायमची उघडी पडते. क्लिप घेताना तिच्या टोकाला गोळी आहे का किंवा टोक वर वळवलेलं आहे का बघा. सपाट टोक खिशाचे धागे काढतं. पितळेची क्लिप मऊ, वाकली तरी परत वळते. स्प्रिंग स्टीलची जास्त दिवस पकड देते. सोनेरी मुलामा मराठवाड्यात फार मागितला जातो, तो घामाने आधी टोकाशी उडतो. पुढे रंग बदलून खटकणार असेल तर पहिल्यापासून चंदेरी स्टील घ्या.

बिनक्लिपचा पेन हातात फार सुरेख वाटतो, तरुण गिऱ्हाईक हल्ली तोच मागतं. पण तो घरंगळतो. टोपणावर एक बाजू थोडी सपाट करून घ्या, किंवा बारीक उंचवटा ठेवा. ठेवायला हिमरूची किंवा पैठणीच्या काठाची पिशवी शिवून घेणारे आहेत. आतून सुती अस्तर मात्र लावा, जरीची तार एबोनाइटवर ओरखडे पाडते.

लिहिताना टोपण मागे लावता आलं पाहिजे. जमेल?

जमेल, पण सुरुवातीलाच सांगा. दांड्याचं मागचं टोक त्यासाठी निमुळतं करावं लागतं, नंतर ते करायला दांड्यात जाडी उरत नाही. वजनाचाही हिशेब बघा. क्लिप नसलेलं मध्यम आकाराचं एबोनाइटचं टोपण ५-६ ग्रॅम, क्लिपसह ९ ग्रॅमच्या आसपास. एवढं मागे चालतं. पितळ एबोनाइटच्या सातपट जड. पूर्ण पितळी टोपण मागे लावलं की पेन मागे कलतो आणि मनगट दुखतं.

टोपण बारीक करता येईल का? जाड दिसतं.

हा आग्रह फार होतो आणि टोपणाचे काठ त्यातूनच तडकतात. आकडे पाहा. आटे १३ मिमीचे, टोपण बाहेरून १५.५ मिमी. म्हणजे काठाला दोन्हीकडे १.२५ मिमी जाडी. तेच टोपण १४ मिमी केलं तर उरते अर्धा मिमी, त्यातही आट्यांची खाच. पहिल्यांदा जोरात आवळलं की काठापासून वर उभी चीर जाते. ॲक्रिलिक ठिसूळ, ते आधी जातं. कडं नसेल तर १.२ मिमीच्या खाली जाऊ नका. सडपातळच पेन हवा असेल तर आटे १२ मिमीचे घ्या, किंवा काठाला धातूचं कडं बसवा. कडं शोभेचं वाटतं, पण त्याचं खरं काम काठ फाकू न देणं हेच आहे.

चीर गेलीच तर गोंद टिकत नाही. काठ ३ मिमी कापून तिथे कडं बसवणं हा पक्का इलाज.

एबोनाइट, ॲक्रिलिक, लाकूड: टोपण कशाचं?

एबोनाइट हातात उबदार लागतं आणि आटे छान धरतं. उन्हात ठेवलं तर काळ्याचं तपकिरी-हिरवट होतं, गरम पाण्याने चकाकी जाते. म्हणून टोपण रात्रभर भिजत घालू नका. गार पाण्यात हलवून, इअरबडने पुसून, उलटं वाळवा. नव्या टोपणाला गंधकाचा वास येतो, तो हळूहळू कमी होतो. ॲक्रिलिकचे रंग टिकतात, पण पडलं तर तडकतं. शिसवाचं टोपण हवं असेल तर आतून एबोनाइटची नळी बसवलीच पाहिजे. आपल्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. लाकडातच पाडलेले आटे जूनमध्ये अडकतात आणि शाईही पितात.

टोपणावर बिदरी काम करून मिळेल का?

बीदर लातूर-नांदेडला लागूनच, त्यामुळे ही मागणी स्वाभाविक आहे. बिदरीचा धातू जस्ताचा, त्यात तांबं थोडं. चांदीची तार ठोकायला त्याला जाडी लागते. पाऊण मिमीच्या कड्यात ती बसत नाही. शेंड्यावर १२ मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची टिकली बसवून घ्या. वजन अडीच ग्रॅमच्या आत राहतं आणि काम दिसतंही. शाई लागली तर लगेच पुसा, आम्लधर्मी शाईने त्याचा काळा रंग उतरतो.

टोपणावर नाव देवनागरीत कोरता येईल?

येईल. अक्षराची उंची निदान ३ मिमी ठेवा, नाहीतर 'ज्ञ', 'क्ष्म', 'द्ध' भरून जातात. नाव जोडाक्षरांसह कागदावर स्वच्छ लिहून द्या, मोबाइलवरून पाठवलेल्या मजकुरात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका येतात आणि कोरलेलं पुसता येत नाही. शिरोरेषा टोपणाच्या लांबीच्या दिशेने घ्यावी. वेढ्याच्या दिशेने घेतली तर नाव एका नजरेत वाचता येत नाही.

शाळेच्या दाखल्यावर १ जून जन्मतारीख असलेले शिक्षक आपल्याकडे पुष्कळ, आणि ते सगळे ३१ मेला निवृत्त होतात. निरोप समारंभासाठी नावाचा पेन हवा असेल तर एप्रिलच्या सुरुवातीलाच सांगा.

आजोबांच्या पेनचं टोपण हरवलंय. नवं बनेल का?

बहुतेक वेळा बनतं, पण फोटोवरून नाही, पेन हातात लागतो. बऱ्याच जुन्या पेनांचे आटे इंचाच्या मापाचे असतात. इंचात ३६ आटे म्हणजे ०.७०६ मिमी अंतर. आज बाजारात सहज मिळणारा टॅप ०.७५ चा. फरक नगण्य वाटतो, पण पाच आट्यांत तो ०.२२ मिमी होतो. टोपण सुरू होतं, तिसऱ्या फेरीला अडतं, आणि कोणी जोर लावला तर जुन्या दांड्याचेच आटे सोलून निघतात. दुसऱ्या पेनचं टोपण 'बसतंय वाटतं' म्हणून जबरदस्तीने फिरवू नका, ते याचसाठी.

पेन पाठवताना शाई काढून धुवा. निबवर रिकाम्या बॉलपेनच्या नळीचा तुकडा किंवा स्ट्रॉ बसवा, ती गळ्याला कागदी टेपने धरा आणि सगळं कडक डब्यात घाला. तुटक्या टोपणाचा एखादा तुकडा, क्लिप, कडं, काही उरलं असेल तर तेही सोबत द्या. जुनी क्लिप नव्या टोपणावर बसवता येते.